नेपच्यूनवरची दुपार

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात एक वाक्य दिवसातून निदान दहा वेळा ऐकू येते : 'मेला दिवस कसा तो पुरत नाही!' हे वाक्य अर्थात सौभाग्यवतींचे. भाजणी भाजायची असते, चकलीचा सोऱ्या माळ्यावरून काढायचा असतो, पडदे धुवायचे असतात. माझीही स्थिती फारशी निराळी नसते. एकीकडे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि दुसरीकडे 'लेख अद्याप पोचला नाही' असा संपादकांचा निरोप. अशा वेळी दिवस न पुरण्याचे खापर मी सरळ सूर्याच्या डोक्यावर फोडून मोकळा होतो.

यंदाही फोडले. "अगं, दिवसच लहान झालेत," मी म्हणालो. "आषाढात तेरा तास उजेड असतो, कार्तिकात जेमतेम साडेअकरा. त्याला मी काय करणार?"

पलीकडे आमची कन्या अभ्यास करीत होती. तिने विज्ञान शाखा घेतली आहे, आणि मराठीचा प्राध्यापक आकाशाविषयी जे काही बोलतो ते तपासून पाहणे हे ती आपले कर्तव्य समजते. मान वर न करता ती म्हणाली, "साडेअकरा तास पुरत नाहीत म्हणता, बाबा? मग गुरूवर काय केलं असतंत? तिथं उजेडाचे तास पाच, आणि रात्रही पाचच तासांची!"

वाचकहो, खरे सांगतो, मला हे ठाऊक नव्हते. गुरू म्हणजे केवढे प्रचंड धूड! त्याच्या पोटात तेराशे पृथ्वीगोल सहज मावतील. असा ग्रह आपल्याभोवती फिरत असेल तर लग्नघरातल्या थोरल्या काकांसारखा, सावकाश, धोतराचा सोगा सावरीत फिरत असेल, अशी माझी समजूत. पण कॅसिनी नावाच्या ज्योतिर्विदाने १६६५ सालीच गुरूवरच्या डागांवर नजर ठेवून काढले होते, की हा गृहस्थ दहा तासांच्या आत एक गिरकी पुरी करतो. आजचा नेमका आकडा आहे ९ तास ५५ मिनिटे ३० सेकंद. पृथ्वीच्या विषुववृत्तावरचा माणूस ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरत असतो. गुरूच्या विषुववृत्तावरचा ढग ताशी ४५,००० किलोमीटर वेगाने धावतो. या वेगापायी गुरूचे पोट सुटले आहे. त्याचा आडवा व्यास उभ्या व्यासापेक्षा नऊ हजार किलोमीटरांहून अधिक भरतो.

"पण एवढा मोठा असून एवढी घाई कशाला?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न चांगला होता. मी उत्तरासाठी कन्येकडे पाहिले.

ती म्हणाली, "आई, मोरीत पाणी तुंबलं आणि एकदम वाहायला लागलं, की कडेचं पाणी हळूहळू फिरतं, पण जाळीपाशी आल्यावर केवढा भोवरा होतो! दूरवरचा पसारा आत आत ओढला गेला की फिरण्याचा वेग वाढतो. गुरूनं जन्माच्या वेळी भोवतालचा अफाट वायू असाच आत ओढून घेतला. आपली पृथ्वीही लहानपणी जोरात फिरत होती. पण चंद्रानं भरती-ओहोटीचा ब्रेक लावून तिला हळू केलं. अजूनही शंभर वर्षांत दिवस सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दुपटीनं लांबतो आहे. गुरूपुढं त्याचे चंद्र म्हणजे किरकोळ. त्याला कोण थांबवणार?"

चंद्र आपल्यासाठी दिवस लांबवतो आहे हे ऐकून सौभाग्यवतींना जरा बरे वाटलेसे दिसले. पण 'शंभर वर्षांत एवढासाच?' असेही त्या पुटपुटल्या.

मला मात्र एक हिशेब सुचला. गुरूचे वर्ष आपल्या जवळजवळ बारा वर्षांचे. म्हणजे तिथल्या एका वर्षात साडेदहा हजारांच्या आसपास सूर्योदय! दिवाळी एकदा झाली की पुढच्या दिवाळीच्या तयारीला साडेदहा हजार दिवस हाताशी. एवढ्यात तरी चकल्या व्हायला हरकत नाही.

इतका वेळ अण्णा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यातल्या कॉटवर स्वस्थ बसून होते. गुरूचे नाव निघताच म्हणाले, "बारा वर्षं बरोबर. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ. पुन्हा सिंहेत यायला बारा वर्षं." अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. वेळापत्रक आणि पंचांग ही त्यांची दोन आवडती पुस्तके. ते पुढे म्हणाले, "पण शनी तसा नव्हे. तो शनैश्चर. शनैः शनैः चरणारा. एका राशीला अडीच वर्षं. म्हणून तर तीन राशींची साडेसाती."

"चाल मंद आहे, आजोबा, पण गिरकी मंद नाही," कन्या म्हणाली. "सूर्याभोवती जायला साडेएकोणतीस वर्षं, पण स्वतःभोवती फिरायला साडेदहा तास!"

आणि या साडेदहा तासांची कथा मोठी गमतीची निघाली. ज्या ग्रहाला जमीनच नाही त्याचा दिवस मोजायचा कसा? ढगांवर खूण ठेवावी, तर ढग वाऱ्याने वाहतात. गुरूवरसुद्धा विषुववृत्ताजवळचे ढग इतर ढगांच्या पाच मिनिटे आधी फेरी पुरी करतात. मग शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. ग्रहाचे चुंबकत्व त्याच्या पोटातून येते. ग्रहाबरोबर ते फिरते आणि त्यामुळे रेडिओलहरी ठराविक अंतराने चढतात-उतरतात. हे घड्याळ गुरूला अचूक लागू पडले. शनीने मात्र सगळ्यांना चकविले. १९८०-८१ साली व्हॉयेजर यानांनी शनीच्या रेडिओलहरींवरून दिवस मोजला तो १० तास ३९ मिनिटांचा. २००४ साली कॅसिनी यान तिथे गेले, तो तेच घड्याळ सहा मिनिटे मागे पडलेले! एवढा अवाढव्य ग्रह तेवीस-चोवीस वर्षांत सहा मिनिटांनी मंदावेल कसा? खोट घड्याळात होती. शनीचा चुंबकीय अक्ष आणि फिरण्याचा अक्ष जवळजवळ एकच असल्यामुळे त्याच्या पोटातली हालचाल बाहेरून कळतच नाही.

अखेर उत्तर सापडले ते त्याच्या कड्यांत. एखादी मोठी घंटा वाजली की शेजारच्या परातीतले पाणी शहारते. तसे शनीच्या पोटातले कंप कड्यांमध्ये बारीक लाटा उठवतात. कॅसिनी यान २०१७ च्या सप्टेंबरात शनीतच बुडून संपले; पण त्याने टिपलेल्या लाटा वाचून २०१९ साली शनीचा दिवस ठरला : १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद. इतकी शतके जी कडी आपण केवळ अलंकार म्हणून पाहिली, तीच त्याच्या घड्याळाची तबकडी निघाली!

अण्णा हे सर्व मन लावून ऐकत होते. "आणि हर्षल?" त्यांनी विचारले. युरेनसला आमच्या घरात अजून हर्षलच म्हणतात. विल्यम हर्शेलने १७८१ साली तो शोधला, त्याचे नाव पंचांगाने असे जपून ठेवले आहे.

"हर्षल तर लोळतोच आहे," कन्या हसून म्हणाली. "त्याचा अक्ष इतका कललेला आहे की तो जवळजवळ आडवा होऊन फिरतो. गिरकी सवासतरा तासांची. पण ध्रुवावर त्या गिरकीला काही अर्थच नाही. तिथं बेचाळीस वर्षं सूर्य मावळत नाही, आणि मग बेचाळीस वर्षं उगवत नाही. १९८६ च्या जानेवारीत व्हॉयेजर तिथून गेलं तेव्हा एक ध्रुव अगदी सूर्यासमोर होता. २००७ च्या डिसेंबरात दोन्हीकडं सारखा उजेड आला. आता दुसऱ्या ध्रुवाची पाळी. चौऱ्याऐंशी वर्षांचं त्याचं एक वर्ष."

"चौऱ्याऐंशी!" अण्णा म्हणाले. त्यांना यंदाच चौऱ्याऐंशी पुरी झाली. सहस्रचंद्रदर्शन होऊन तीन वर्षे झाली. मी म्हटले, "अण्णा, तुम्ही जन्मलात तेव्हा हर्षल जिथं होता तिथं तो आता परत आलाय. हर्षलच्या हिशेबानं तुमचा हा पहिला वाढदिवस!"

सगळे हसले. अण्णाही हसले. मग शांतपणे म्हणाले, "बेचाळीस वर्षं उजेड मिळाला म्हणजे पुष्कळ झालं की. पुढं अंधार असायचाच."

मी मान डोलावली. गेली चार-पाच वर्षे, विशेषतः आई गेल्यापासून, अण्णांची वृत्ती अशीच झाली आहे. वर्तमानपत्र हातात घेतात आणि पाच मिनिटांत घडी घालून ठेवतात. विचारले तर म्हणतात, 'आता वाचून काय करायचंय?' ज्या माणसाने जन्मभर वाचण्यावर प्रेम केले त्याने वाचनही इतक्या सहजपणे सोडावे, याचे मला फार कौतुक वाटले होते. नित्य वाचकांना आठवत असेल, गेल्या दिवाळीला याच सदरात मी अण्णांच्या विरक्तीवर एक लेख लिहिला होता. तो आवडल्याची पत्रेही पुष्कळ आली होती.

पण मी विषय सोडून चाललो. विषय होता दूरच्या ग्रहांचा. मी प्राध्यापकी थाटात समारोप केला, "थोडक्यात काय, दिवस दहा तासांचा असो की सतरा तासांचा, तिकडं आहे सगळा काळोखच. नेपच्यूनवर तर मध्यान्हसुद्धा अमावास्येसारखी असणार."

कन्येने आता मात्र पुस्तक मिटले. "साफ चूक," ती म्हणाली.

तिचे म्हणणे असे. गॅलरीतल्या आकाशकंदिलापासून तुम्ही दुप्पट दूर गेलात तर उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. तिप्पट गेलात तर नववा हिस्सा. गुरू आपल्यापेक्षा सूर्यापासून ५.२ पट दूर आहे, म्हणून तिथे आपल्या सत्ताविसाव्या हिश्शाचे ऊन. शनीवर नव्वदावा हिस्सा. हर्षलवर सुमारे तीनशे सत्तरावा. आणि नेपच्यून तीसपट दूर, म्हणून तिथे नऊशेवा हिस्सा. २०१६ साली गुरूपाशी पोचलेले जुनो यान सूर्यप्रकाशावरच चालते. त्याच्या पंखांवरच्या पट्ट्या पृथ्वीजवळ सुमारे १४ किलोवॉट वीज देऊ शकत होत्या. गुरूपाशी त्याच पट्ट्यांना जेमतेम ५०० वॉट जमते. यंत्राला हा फरक फार मोठा आहे.

"पण आपला डोळा यंत्रासारखा मोजत नाही, बाबा. वायुमंडळाच्या बाहेरचं आपलं ऊन एक लाख तीस हजार लक्सच्या आसपास. त्याचा नऊशेवा हिस्सा म्हणजे दीडशे लक्स. पौर्णिमेच्या चांदण्याच्या चारशेपट! सूर्य बुडाल्यावर पाच-सात मिनिटांनी आपल्याकडं जेवढा उजेड असतो ना, तेवढी नेपच्यूनवरची भर दुपार."

म्हणजे नेमकी आमची दिवेलागणीची वेळ! सौभाग्यवती देवापाशी निरांजन लावतात तेव्हा गॅलरीतून समोरच्या इमारतीवरचे नाव मला नीट वाचता येते. नेपच्यूनवर सूर्याची तबकडी दिसायची नाही. तो एक लखलखता ठिपकाच दिसेल. पण त्या ठिपक्याच्या उजेडात माणसाला अमावास्या खात्रीने वाटणार नाही. अर्थात हा सगळा हिशेब ढगांच्या माथ्यावरचा, हेही कन्येने बजावले. या ग्रहांना पाय टेकायला जमीन नाही. जसजसे खाली जावे तसतसा उजेड ढगांत विरत जातो. १९९५ च्या डिसेंबरात गुरूत एक शोधकुपी सोडली होती, ती तासभर खाली खाली जात राहिली आणि मग मुकी झाली.

माझा चेहरा पाहून कन्येने प्रात्यक्षिकच करायचे ठरविले. हल्ली मोबाइलमध्ये उजेड मोजण्याची सोय असते. तंतोतंत नाही, पण अंदाज येतो. रविवारची सकाळ, अकराचा सुमार. ती हातात मोबाइल आणि कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन घरभर हिंडू लागली. गॅलरीत सावलीतल्या एका जागी पाच हजार लक्स भरले, तिथे तिने 'गुरू' अशी चिठ्ठी चिकटविली. खिडकीशी असलेल्या माझ्या लिहिण्याच्या टेबलावर चौदाशे भरले : 'शनी'. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, दिव्याखाली, साडेतीनशे : 'हर्षल'. बैठकीतल्या कोचाचा एक कोपरा दीडशेला उतरला, तिथे 'नेपच्यून' बसला. आमच्या दोन खोल्यांच्या घरात अर्धी सूर्यमाला मांडून झाली. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता फराळ कुठल्या ग्रहावर करू ते तरी सांग."

मग ती अण्णांच्या कॉटपाशी गेली. मोबाइल धरला. पुन्हा धरला. म्हणाली, "अठरा."

"अठरा काय?" मी विचारले.

"लक्स. इथं लावायला माझ्याकडं ग्रहच नाही. प्लूटोवर देखील ऐंशीच्या वर असतात." ती अण्णांकडे वळली. "आजोबा, तुम्ही इथं पेपर कसा वाचता?"

अण्णा काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "अगं, ते हल्ली वाचतच नाहीत."

"मथळे दिसतात," अण्णा हळूच म्हणाले. "बाकीचं तुझी आजी वाचून दाखवायची."

घरात एकदम शांतता पसरली. आई रोज दुपारी कॉटच्या कडेला बसून मोठ्याने पेपर वाचायची, हे मला आठवत होते. मी त्याला दोघांचा विरंगुळा समजलो होतो. तीन वर्षांपूर्वी शेजारी सात मजली इमारत उठली, तेव्हा त्या बाजूच्या झरोक्यातून येणारा उजेड गेला, हेही मला ठाऊक होते. दिवा लावला तर अण्णा 'दिवसाढवळ्या वीज कशाला?' म्हणून बंद करीत, आणि ते त्यांच्या काटकसरी स्वभावाला शोभून दिसे. साठी उलटलेल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, हे मात्र मला त्या दिवशी कन्येने सांगितले. बाहुली लहान होते, भिंग पिवळे पडत जाते. मग चौऱ्याऐंशीव्या वर्षी अठरातले उरणार किती?

कन्येने अण्णांचा हात धरला आणि त्यांना शनीवर, म्हणजे माझ्या टेबलापाशी, नेऊन बसविले. पुढ्यात पेपर ठेवला. अण्णांनी चष्मा पुसला. पेपर जवळ घेतला, थोडा दूर धरला, आणि आतल्या पानावरची एक बारीक टाइपातली जाहीर नोटीस ते अडखळत, पण अक्षर न अक्षर वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा आवाज चढत गेला. कुणाच्या तरी हरवलेल्या कागदपत्रांची ती नोटीस; पण आम्ही तिघे ती उभे राहून शेवटपर्यंत ऐकली.

वाचून झाल्यावर मी विचारले, "अण्णा, बोलला का नाहीत कधी?"

"तुझं टेबल आहे ना तिथं," ते म्हणाले. "तुला लिहायला लागतं."

माझे टेबल! सकाळी साडेआठला मी कॉलेजात जातो आणि चारला परततो. आठवड्यातले सहा दिवस त्या खिडकीतले सगळे ऊन माझ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पडून वाया जात होते. अण्णांचा उजेडाचा दिवस मात्र गुरूच्या पाच तासांइतकाही उरला नव्हता. आणि त्याच टेबलाशी बसून मी त्यांच्या विरक्तीवर लेख लिहिला होता.

त्याच दुपारी आम्ही टेबल हलविले. त्या जागी अण्णांची आरामखुर्ची आली. शेजारी वाचायचा दिवा आला. त्याचे बटण हाताशी ठेवले आणि वीजबिलाचा विषय काढायचा नाही असा सौभाग्यवतींनी त्यांना दम भरला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. चष्म्याचा नंबर बदलायला झालाच होता.

हा मजकूर मी अण्णांच्या जुन्या कोपऱ्यात बसून, टेबलावर दिवा लावून लिहीत आहे. कन्येने मोजून सांगितले आहे, की दिव्याखाली पाचशे लक्स आहेत, लेखकाला पुरेत. खिडकीपाशी अण्णा आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी रेल्वेचे नवे वेळापत्रक मागवून घेतले आणि त्यातल्या दोन चुका काढल्या. काल म्हणाले, "तुझा तो मागच्या दिवाळीचा अंक दे जरा. तेव्हा नुसता चाळला होता."

मी दिला. देताना हात जरा जड झाला. लेख त्यांनी सावकाश वाचला, एकदा मागची पाने उलटून पुन्हा वाचला. मी या कोपऱ्यातून पाहत होतो. अंक मिटून त्यांनी मांडीवर ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले,

"भाषा चांगली उतरलीय तुझी. फक्त एकदा मला विचारायचं होतंस."